पदक मुलतानचं, घाणा अलिबागचा

आमच्या घरात खापरपणजोबांची गोष्ट चार वाक्यांत संपायची. अलिबागचे शनवार तेली. पलटणीत गेले. मुलतानच्या लढाईत होते. पेन्शन घेऊन परत आले आणि पुन्हा घाण्याला बैल जुंपला. पुरावा म्हणाल तर चांदीचं एक पदक. ते १९६३ साली काकांच्या ट्रंकेतून इस्रायलला गेलं, आणि आता अश्दोदच्या फ्लॅटमध्ये काचेच्या चौकटीत असतं. यंदाच्या थंडीत काका-काकू आले ते पदक पायमोज्यात गुंडाळून घेऊनच. आळी बघायची, कबर शोधायची, एवढाच कार्यक्रम. काका ब्याऐंशीचे आहेत, त्यामुळे "पुढच्या वर्षी बघू" असं कुणी म्हटलं नाही.

आमच्याविषयी फारसं ठाऊक नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. बेने इस्रायल म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी आमची परंपरेची कथा. पुढे कित्येक पिढ्या रायगडातल्या गावागावांत तेलाचे घाणे चालवले. शब्बाथ म्हणून शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. राहत्या गावाला 'कर' जोडून आडनावं झाली: नवगावकर, पेणकर, किहीमकर, रोहेकर, दिवेकर. आमचंही तसंच आहे, पण घरातल्या काहींना आवडणार नाही म्हणून इथे लिहीत नाही.

शुक्रवार

भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाडीसकट मांडवा. तासाभराचा प्रवास, काकू सबंध वेळ डेकवर. काकांना मात्र जुन्या लाँचची आठवण, "तेव्हा धरमतरला उतरायचो" वगैरे. मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर. शुक्रवारी दुपारी मुंबईकरांची झुंबड असते, त्यामुळे गाडी न्यायची तर रो-रोची जागा आधी धरून ठेवा. गाडी नसेल तर गेटवेहून लाँच घ्या, पुढची बस तिकिटातच येते. त्या लाँच पावसाळ्यात बंद असतात.

राहायला इस्रायल आळीजवळचं, म्हणजे आमच्या लोकांच्या जुन्या वस्तीजवळचं, एक घरगुती निवासस्थान मिळालं. मुद्दाम जवळचं, कारण शनिवारी काका गाडीत बसत नाहीत.

सूर्य मावळायला वेळ होता, तेव्हा पदक पलंगावर मांडलं. लहानपणी मी त्याचा फोटोच पाहिला होता. गडद निळी रिबीन, दोन्ही कडांशी एकेक पिवळी रेघ. एका बाजूला तरुण व्हिक्टोरिया राणी. दुसऱ्या बाजूला ताडाचं झाड, घोड्यावर बसलेला इंग्रजांचा जनरल गिल्बर्ट आणि त्याच्यापुढे हत्यारं टाकणारे शीख सैनिक. वर दोन पट्ट्या, 'मुलतान' आणि 'गुजरात'. हे गुजरात म्हणजे पंजाबातलं चिनाबजवळचं शहर. तिथली लढाई २१ फेब्रुवारी १८४९ ची, दुसऱ्या इंग्रज-शीख युद्धातली. त्याआधी मुंबई फौजेची तुकडी डिसेंबर १८४८ मध्ये मुलतानच्या वेढ्याला जाऊन मिळाली होती. ३० डिसेंबरला एक तोफगोळा शहरातल्या दारूच्या कोठारावर पडला आणि कोठारच उडालं. २ जानेवारीला शहर पडलं, २२ ला मुलतानचा दिवाण मूलराज याने किल्ला सोडला. अलिबागचा तेली तिथे सिंधमार्गे कसा पोचला असेल, त्या थंडीत त्याने काय खाल्लं असेल, शनिवारी त्याने काय केलं असेल, याचं उत्तर पदकावर नाही.

पदकाच्या जाडीवर, म्हणजे काठावर, शिपायाचं नाव ठोकलेलं असतं. आमच्यावर नाव आहे, बापाचं नाव आहे आणि आडनावाच्या जागी नुसतंच 'इस्रायल'. पलटणीत आमच्या लोकांची नोंद बहुधा अशीच व्हायची. पलटणीचा आकडा मात्र पुसट झालाय. काकू दर पेसाहला, म्हणजे आमच्या वसंतातल्या सणाला, पदक दंतमंजनाने घासते, गेली पन्नास वर्षं. काकांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. "चमकतंय की नाही?" काकू म्हणाली.

कुणाला आपल्या घरचा असा शिपाई शोधायचा असेल तर तीन गोष्टी सांगते. एक, नाव मराठी वळणाने शोधा. त्या काळात सॅम्युअल म्हणजे सामाजी, यहेझ्केल म्हणजे हसाजी, एलिया म्हणजे एलोजी. दोन, सुभेदार-जमादारांची नावं मुंबई फौजेच्या छापील याद्यांत सापडतात, साध्या शिपायाचं नाव क्वचितच. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतली बाडंही मुख्यतः गोऱ्यांची आहेत. तीन, मुंबईच्या पुराभिलेखागारात (एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत) ओळखपत्र आणि अर्ज घेऊन जा, आणि 'मला अमुक माणूस हवाय' असं न म्हणता वर्ष आणि खातं सांगा. आधी हायीम सॅम्युअल किहीमकरांचा इतिहास वाचून गेलात तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतील. तो १८९७ मध्ये लिहून झाला आणि छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला.

संध्याकाळी सिनेगॉगमध्ये. मागेन अबोथ, सध्याची इमारत १९१० ची. आळीत एके काळी रांगेने आमची घरं होती, आता बोटांवर मोजावीत एवढी. पण शुक्रवारची प्रार्थना होते. छतापासून काचेचे दिवे टांगलेले, खाली पाणी, वर खोबरेल, मध्ये वात. काका मान वर करून बराच वेळ तेलच बघत राहिले.

रात्री किद्दूशला, म्हणजे शब्बाथच्या जेवणाआधीच्या प्रार्थनेला, मनुकांचं सरबत. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून करतात. आमच्याकडे वाइनच्या जागी तेच. पुढे नारळाच्या दुधातली सुरमई आणि चपात्या. भरपूर जेवलो.

शनिवार

आज गाडी नाही, पाकीट नाही, फोन नाही, लिहिणं नाही. मी घरी एवढं पाळत नाही, पण काकांबरोबर असताना फोन खोलीत ठेवला. आणि नेमकं त्याच दिवशी सगळ्यांत महत्त्वाचं ऐकायला मिळालं.

सकाळची प्रार्थना आटोपून आळीतून चालत होतो. काका प्रत्येक दारासमोर थांबून "इथे अमके, इथे तमके" असं सांगत होते आणि दारातली माणसं "ते गेले, ते इस्रायलात लोदला गेले, ते डिमोनाला" असं पूर्ण करत होती. एका ओटीवर एक आजी वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. नव्वदीच्या आसपास असतील, नऊवारी, डोळ्यांवर जाड भिंगं. आमच्याकडे बघून म्हणाल्या, "तेल्यांचे ना तुम्ही? नाक तेच आहे."

काका खूश. लगेच पदकाची गोष्ट सुरू केली: मुलतान, पेन्शन, बैल. आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते पलटणीतले असतील, मला ठाऊक नाही. घाणा म्हातारीचा होता."

कुठली म्हातारी?

"त्यांची बायको. माझ्या आजेसासूने पाहिलेली. नवरा वर्षानुवर्षं पलटणीत, आला तर महिना-दोन महिने. घाणा कोण चालवणार? तिनेच बैल हाकला. आळीत तेल्याचा घाणा कुणी म्हणायचंच नाही, म्हातारीचा घाणा म्हणायचे."

मग एकेक निघत गेलं. तीळ, खोबरं आणि कारळे ती वेगवेगळ्या दिवशी घालायची, वास एकमेकांत जायला नको म्हणून. उंडीचं तेल दिव्यांसाठी आणि होड्यांना लावायला, ते सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर उखळ घासताना जीव जायचा. पेंड गुरांना. लिहिता येत नव्हतं, त्यामुळे उधारी भिंतीवर कोळशाच्या रेघांनी: पावशेराला आडवी, शेराला उभी. कुणी पैसे दिले की शेणाच्या हाताने रेघ पुसायची. दिवाळीच्या आधी भिंत सारवली जायची, त्यामुळे त्याआधी उधारी चुकती करायला लोक आपणहून यायचे. शुक्रवारी दुपारी बैलाच्या डोळ्यांवरची झापडं सुटली की शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसेपर्यंत घाणा बंद. मध्येच कुणाचं तेल संपलं तर सोमवार तेल्याकडे जायचं. ते हिंदू तेली, त्यांची सुट्टी सोमवारी. दोघांनी एकमेकांचं गिऱ्हाईक कधी पळवलं नाही, असं आजी म्हणाल्या. एवढं मात्र मला जरा गोड करून सांगितल्यासारखं वाटलं.

"आमच्या घरात हे कुणीच सांगितलं नाही," काका म्हणाले.

"घरात कोण सांगतं? शेजारी सांगतात." आजींनी सोललेल्या वालांचं ताट पुढे केलं. "हे घेऊन जा. पैसे नका देऊ, आज तुमचा शनिवार."

दुपारभर मी ते सगळं डोक्यात घोळवत बसले, पुसट होऊ नये म्हणून. तीन तारे दिसल्यावर हवदाला, म्हणजे शब्बाथ संपवण्याचा विधी, झाला, आणि मी आणि भावाने दोन वेगवेगळ्या कागदांवर लिहून काढलं. मला एक बैल आठवत होता, त्याला दोन. उभी रेघ शेराची यावर एकमत झालं.

रात्री निवासाच्या मालकांनी वाडीत पोपटी लावली. या दिवसांत अलिबागला जाऊन पोपटी न खाता परत येणं हा गुन्हा आहे. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, ओवा, जाडं मीठ, वर पुन्हा पाला दाबून मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पाणी-तेल काही नाही. एरवी कोंबडी घालतात, आमच्यासाठी बिनकोंबडीची. मडक्यावर पाण्याचे थेंब मारल्यावर चर्र झालं की झाली. काकांनी चार अंडी खाल्ली आणि काकूने मोजली. आदल्या दिवशी सांगून ठेवा, भांबुर्डी आयत्या वेळी मिळत नाही.

रविवार

कबरस्तानाला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे ते लग्नाला गेलेले. दोन तास समोरच्या टपरीवर चहा, त्यात काकांनी टपरीवाल्याला १९६४ सांगून टाकलं. आम्ही पुरते ज्यू आहोत का, यावर इस्रायलच्या धर्मपीठाने शंका घेतली होती, आमच्या लोकांनी जेरुसलेमला ठाण मांडलं आणि शेवटी धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. काका तेव्हा एकवीस वर्षांचे, तिथे सतरंजीवर झोपलेले. टपरीवाला म्हणाला, "म्हणजे तुम्हालाही दाखले मागितले का?" काकांना तो प्रश्न फार आवडला.

किल्ली आली. आत गवत गुडघाभर. बूट आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालाच. जुन्या कबरींवर बहुतेक काही लिहिलेलं नाही. साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अक्षरं दिसू लागतात, हिब्रू आणि मराठी. आम्ही काळ्या दगडांच्या ओळीने शोधत गेलो. दगड घासू नका, त्यावर पावडर किंवा खडूही लावू नका. पाण्याची बाटली न्या, दगड ओला करा आणि सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर बघा, अक्षरांच्या खाचांत सावली पडते.

भावाला सापडली. देवनागरी नाव पदकावरच्या नावाशी जुळत होतं, बापाच्या नावासकट. वर हिब्रू वर्ष, चार अक्षरांत: ताव, रेश, मेम, वाव. ताव म्हणजे ४००, रेश २००, मेम ४०, वाव ६. एकूण ६४६. हजार लिहायची पद्धत नसते, म्हणजे वर्ष ५६४६. त्यातून ३७६० वजा केले की १८८६. ज्यू वर्ष सप्टेंबरच्या आसपास बदलतं, म्हणून १८८५ च्या शरदापासून १८८६ च्या शरदापर्यंत कधीतरी. ही वजाबाकी लक्षात ठेवा, कोकणातलं कुठलंही ज्यू कबरस्तान वाचता येईल.

नावाखाली एकच शब्द कोरलेला: पेनशनर.

तेली कुठेच नाही. आणि शेजारी तेवढ्याच मापाचा दगड, त्यावर एकही अक्षर नाही. ती तिचीच, असं मी म्हणणार नाही. काकू मात्र तसं म्हणाली, आणि दोन्ही दगडांवर एकेक खडा ठेवून आली.

टपरीवर परत बसल्यावर भाऊ म्हणाला ते मला पटतं. पेन्शन ही सरकारदरबारची गोष्ट, तिला कागद आहे, शिक्का आहे, पदक आहे. मुंबई फौजेत आमच्या लोकांना शिपायापासून सुभेदार-मेजरपर्यंत चढता आलं, त्यामुळे पलटण म्हणजे मान. पुढे १८९० च्या दशकात जातवार कंपन्या झाल्या, आमच्यासारख्या मूठभर समाजाची भरती आटत गेली, आणि मुलं रेल्वे, टपाल, इस्पितळं, कारकुनी यांकडे वळली. तेल्याचा धंदा हळूहळू बोलण्यातूनच गेला. तेली म्हणवून घ्यायला कुणाला आवडत होतं?

दुपारी खंडाळे गावात एलियाहू हानावीचा टप्पा. प्रेषित एलिया रथातून स्वर्गात गेला तेव्हा त्याचा रथ इथल्या कातळाला टेकला, अशी आमची श्रद्धा. कातळावर चाकोऱ्या आणि खुरांच्या खुणा दाखवतात. तू बिश्वातच्या, म्हणजे आमच्या झाडांच्या सणाच्या, सुमारास इथे गर्दी असते. मुंबई-ठाण्याहून बस करून आलेली मंडळी भेटली, त्यांच्याच मलिद्यात, म्हणजे एलियाच्या नावाने करतात त्या नैवेद्यात, सामील झालो. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं आणि गुलाबाची फुलं. भोवती उभं राहून एलियाहू हानावीचं गाणं. मुंबईच्या एका बाईंनी काकूला विचारलं, "तिकडे पोहे मिळतात?" काकू म्हणाली, "सगळं मिळतं. खोबरं तेवढं सुकं."

परतीच्या वाटेवर नवगावचा स्मारकस्तंभ पाहिला. समुद्र जवळ, शांत जागा, पाच मिनिटं पुरतात.

सोमवार

जाता जाता आजी म्हणाल्या होत्या, की म्हातारीचं माहेर रेवदंड्याचं आणि तिथल्या एका वाडीत जुन्या घाण्याची उखळ पडलेली आहे. कुणाच्या घाण्याची ते त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून सकाळी रेवदंडा.

अलिबाग-रेवदंडा रस्ता नागाव, चौलमधून जातो, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी. सतरा-अठरा किलोमीटर, पण सोमवारी सकाळी निघा, शनिवार-रविवारी तिथे गाड्यांशिवाय काही दिसत नाही. रेवदंड्याचं सिनेगॉग, बेथ एल, बाहेरूनच पाहिलं. आत जायचं असेल तर आधी निरोप द्यावा लागतो.

वाडीवाल्यांनी "या, बघा" म्हणून थेट मागे नेलं. विहिरीच्या कडेला, अळवाच्या पानांत अर्धी बुडालेली दगडी उखळ. वासराच्या पाण्यासाठी वापरतात. त्यांनी पाणी उपसून दिलं. काकांनी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. वरचा काठ खडबडीत, टाकीचे घाव दिसत होते. आतला खोलगट भाग मात्र काचेसारखा गुळगुळीत, आणि एका अंगाला जास्त झिजलेला. तिथेच लाट रेलायची, काका म्हणाले. लाकडी लाट उखळीत तिरपी उभी, तिच्या वरच्या टोकाला आडवं लाकूड बांधलेलं, त्यावर वजनाला धोंडे, कधी घरातलंच पोर बसवलेलं, आणि बैल गोल फिरतो. अधूनमधून थोडं पाणी शिंपडावं लागतं, नाहीतर पेंड सुटत नाही. हे त्यांना कसं ठाऊक? त्यांच्या लहानपणी आळीत दुसऱ्या कुणाचा एक घाणा होता आणि वजनाला बसवलेलं पोर ते स्वतः. हेही त्यांनी आम्हाला आजवर सांगितलं नव्हतं.

ही उखळ आमची आहे असं म्हणायला आधार नाही. वाडीवाले म्हणाले, "न्यायची असेल तर न्या." कशात नेणार? काकांनी त्याऐवजी त्यांच्याकडून खोबरेलाच्या दोन बाटल्या घेतल्या, भावात दहा रुपये कमी करून. आंग्रेकालीन अलिबागच्या माणसाला शोभेल असा सौदा, असं भाऊ म्हणाला.

दुपारी पेणमार्गे ठाण्याला. पेणला पापड आणि मिरगुंडांसाठी थांबलो. गणपतीच्या कारखान्यांत जानेवारीतही मूर्ती सुकत होत्या. बाजारात गाडी लावू नका, कडेला लावून चालत जा.

पेणहूनच काकांनी आत्याला व्हिडिओ कॉल लावला. आत्या इस्रायलमध्येच, बेरशेबाला, काकांपेक्षा चार वर्षांनी मोठी. काका तिला म्हातारीची गोष्ट सांगू लागले: कोळशाच्या रेघा, सारवलेली भिंत. आत्याने मध्येच तोडलं. "बैल एकच होता. आणि तो पेन्शनीचा नव्हता, तिच्या पाटल्या मोडून घेतलेला. आईने सांगितलंय मला."

"मग तू बोलली का नाहीस कधी?"

"तुम्ही नेहमी पदकाचं विचारायचात."

काकूने फोन हातात घेतला आणि म्हातारीचं नाव विचारलं. आत्याने ते लगेच सांगितलं, दोनदा, माहेरच्या आडनावासकट. भावाने ते पापडाच्या पावतीच्या मागे लिहून घेतलं. आता तिच्या भावांचे वंशज शोधायचे आहेत, त्यांतले काही ठाण्यातच असावेत असा आत्याचा अंदाज आहे. रेवदंड्याच्या कबरस्तानात जाऊन वाचायचं ते पावसाच्या आधी, म्हणजे एप्रिलच्या आत. ऊन तेव्हा सहन होत नाही, पण गवत वाळलेलं असतं आणि दगड दिसतात.